कमी बजेटमध्ये नॉइज कॅन्सलिंग हेडफोन निवडताना: आधी गोंगाट ओळखा

कमी पैशात नॉइज कॅन्सलिंग हेडफोन कुठला घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारते, तुम्हाला नक्की कुठला आवाज नकोय? बहुतेक जण म्हणतात सगळाच. पण सगळा आवाज बंद करणारा हेडफोन महागातसुद्धा मिळत नाही, त्यामुळे आपल्याला छळणारा आवाज कुठला ते ओळखलं की निम्मं काम तिथेच होतं. प्रवासात इंजिनाची घरघर असते, घरी पंखा, एसी, फ्रीज यांची गुणगुण असते, ऑफिसात लोकांचं बोलणं आणि किबोर्डची टकटक असते, आणि हे सगळे वेगवेगळ्या जातीचे आवाज आहेत, हेडफोन प्रत्येकाशी वेगळा वागतो. स्वस्तात घेताना तर हे जास्तच लक्षात ठेवायला लागतं, कारण इथे एखादी गोष्ट चांगली मिळते तेव्हा दुसरी कुठली तरी कापलेली असते.

आत होतं काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हेडफोनच्या बाहेरच्या बाजूला बारीक माइक असतात, ते बाहेरचा आवाज पकडतात, आतली चिप त्या आवाजाची बरोबर उलटी लहर बनवते, म्हणजे मूळ लहरीचा जिथे चढ तिथे हिचा उतार, आणि स्पीकर ती लहर कानात सोडतो, दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना तशी जुनी आहे, पॉल लुएग या जर्मन माणसाला याचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं, पण कानावर घालता येईल असं काही विकायला यायला पुढची पन्नास वर्षं गेली. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून विमानाने परत येत होते, विमानात दिलेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या आवाजापुढे संगीत नीट ऐकूच येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून गणित मांडायला घेतलं, आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. आज हे सगळं स्वस्तात मिळतंय कारण एएनसीचं, म्हणजे या ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशनचं, गणित करणारा भाग आता ब्लूटूथच्या चिपमध्येच बसवून येतो, त्यासाठी वेगळी महागडी चिप लावायला लागत नाही.

आता खरी अडचण कुठे येते बघा. उलटी लहर बनवायला चिपला थोडा तरी वेळ लागतो. समजा ती ०.१ मिलिसेकंद उशिरा पोचली. इंजिनाची खोल घरघर धरा १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० लहरींची, तिची एक लहर १० मिलिसेकंदांची असते, त्यात एवढासा उशीर म्हणजे शंभरावा भाग, काही बिघडत नाही, घरघर जवळपास सगळी जाते. पण ५००० हर्ट्झचा किरकिरा आवाज घ्या, त्याची लहर असते फक्त ०.२ मिलिसेकंदांची, तिथे तेवढाच उशीर म्हणजे अर्धी लहर झाली, मग उलटी केलेली लहर परत सुलटी होऊन मूळ आवाजालाच मिळते आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वर एएनसीकडून फारशी अपेक्षा ठेवायची नाही, तिथलं काम कानावरचं कुशन नाहीतर कानातली रबरी टिप करते, नुसता कान झाकून.

याचा अर्थ असा की रोज ट्रेनने, बसने, विमानाने जाणाऱ्याला, किंवा रात्री एसीच्या घरघरीत अभ्यास करणाऱ्याला कमी बजेटचा हेडफोनसुद्धा मनापासून आवडेल. पण ज्याला शेजारच्या टेबलावरची बडबड नकोय, बाळाचं रडणं, कुत्र्याचं भुंकणं, दरवाजा आपटणं नकोय, त्याने जरा थांबून विचार करावा. माणसाच्या बोलण्यातले शब्द कळतात ते मुख्यतः वरच्या पट्टीतल्या व्यंजनांमुळे, स, श, ट, क असे आवाज, आणि तिथे एएनसी पोचत नाही. उलट मागची गुणगुण गेली की बोलणं आधीपेक्षा स्पष्ट ऐकू यायला लागतं, आणि लोक वैतागून म्हणतात की हेडफोन खराब निघाला. तो खराब नसतो. अशा माणसाने कान जाड कुशनने पूर्ण झाकणारा, किंवा फोमच्या टिपा घट्ट बसणारा प्रकार बघावा आणि वरून हळू आवाजात काहीतरी लावून ठेवावं, पावसाचा आवाज लावला तरी चालतो.

एएनसी आणि ईएनसी यात फसू नका

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीय, कारण माझे पैसे यातच गेले होते. मी पहिला स्वस्त जोड घेतला तेव्हा बॉक्सवर मोठ्या अक्षरांत नॉइज कॅन्सलेशन लिहिलं होतं, आणि मी घरी आल्या आल्या चालू पंख्याखाली बसून घातला, बटण शोधलं, ॲप शोधलं, मॅन्युअल शेवटपर्यंत वाचलं, पंख्याचा आवाज होता तसाच. मग बॉक्सच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिसलं, ईएनसी. हे म्हणजे कॉलवर बोलताना तुमच्या मागचा आवाज समोरच्या माणसाला कमी ऐकू जावा यासाठीची सोय. तुमच्या कानाला त्याचा काहीही उपयोग नाही. एएनसी म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, ते तुमच्या कानासाठी. स्वस्त मालात ही दोन नावं इतकी जवळजवळ छापतात की नीट वाचणाराही चुकतो, म्हणून बॉक्सवर किंवा वेबसाईटवर एएनसी हा शब्द स्वतः शोधायचा, आणि अजून एक खूण बघायची, बॅटरीचे तास दोन प्रकारे दिलेत का, एएनसी चालू असताना इतके आणि बंद असताना इतके. ईएनसीवाल्यात तास एकाच प्रकारे दिलेले असतात कारण चालू बंद करायला तिथे काही नसतंच.

एक तिसरा शब्द पण येतो, पॅसिव्ह नॉइज आयसोलेशन. त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही, नुसतं झाकणं आहे. वाईट नाही ते, पण त्यासाठी एएनसीचे पैसे मोजू नका.

खऱ्या एएनसीतही प्रकार आहेत. माइक फक्त बाहेर असेल तर त्याला फीडफॉरवर्ड म्हणतात, फक्त आत कानाजवळ असेल तर फीडबॅक, आणि दोन्हीकडे असतील तर हायब्रिड. हायब्रिडमध्ये आतला माइक तपासत राहतो की कानापर्यंत अजून काय पोचतंय आणि त्याप्रमाणे दुरुस्ती होत राहते, त्यामुळे हेडफोन डोक्यावर थोडा हलला तरी निभावतं. आता बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्येही हायब्रिड मिळतं, म्हणून तेवढ्याच पैशात पर्याय असेल तर हायब्रिडच घ्या.

बॉक्सवर डेसिबलचा आकडा असतो, कुठे ३५, कुठे ४५, कुठे ५०. तो आकडा साधारणपणे ज्या एका फ्रिक्वेन्सीला सगळ्यात चांगला रिझल्ट आला तिथला असतो, सगळ्या आवाजांची सरासरी नसते. डेसिबलचं माप चढतं पण वेगळ्या पद्धतीने, १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, २० कमी झाले की निम्म्याचा निम्मा. म्हणजे घरघर २० डेसिबलने खरोखर कमी झाली तरी फरक एकदम जाणवतो. दोन बॉक्समध्ये ४५ आणि ४८ यावरून निवड करायची असेल तर करू नका, दोन्ही कंपन्यांनी मोजलंय कसं ते सारखं असेल याची काहीच खात्री नाही.

बसणं, चष्मा आणि गळती

माझ्या मते कमी बजेटमध्ये सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि याच्याबद्दल बॉक्सवर एक अक्षर नसतं. एएनसी कितीही चांगलं असलं तरी कुशन आणि कान यांच्यात फट राहिली की खालच्या पट्टीतला आवाज त्या फटीतून सरळ आत येतो, आणि नेमका तोच आवाज घालवायला आपण पैसे दिलेले असतात.

माझ्या मोठ्या भावाला चष्मा आहे. त्याने हेडफोन घेतला आणि दोन दिवसांनी म्हणाला, एएनसी चालतच नाही. मी त्याला पंख्याजवळ बसवलं, एएनसी चालू केलं आणि म्हटलं दोन्ही बाजूंचे कप बोटांनी हलकेच आत दाब. दाबल्याबरोबर पंखा गायब झाला, सोडलं की परत आला. चष्म्याची दांडी जाड प्लास्टिकची होती, कानाच्या वर ती कुशनला उचलून धरत होती आणि तिच्या खाली पुढच्या बाजूला पेन्सिलच्या टोकाएवढी फट राहत होती. त्याने बारीक तारेच्या दांडीचा जुना चष्मा लावून बघितला तर हेडफोन व्यवस्थित चालला. तेव्हापासून मी चष्मेवाल्यांना सांगते, कुशन मऊ आणि जाड असलेलं घ्या, दाबल्यावर हळूहळू वर येणारा मेमरी फोम असेल तर उत्तम, तो दांडीभोवती बसतो. जाड केस कानावर येणाऱ्यांना, कानात मोठे दागिने घालणाऱ्यांनाही हीच अडचण येते.

हा दाबून बघायचा प्रयोग घरी प्रत्येकाने करावा. भरपूर बेस असलेलं गाणं लावा, कप हलकेच दाबा. दाबल्यावर बेस एकदम भरदार झाला तर समजा की एरवी गळती होतेय. बेस जसा होता तसाच राहिला तर बसलाय नीट.

कानातल्या छोट्या बड्समध्ये हेच काम टिप करते. बॉक्समध्ये दोन चार साइज येतात आणि बहुतेक लोक जी लावून आलीय तीच वापरत राहतात, हे करू नका. सगळ्या साइज लावून बघा, दोन्ही कानांना वेगळी साइज लागू शकते, माझ्या डाव्या कानाला मोठी आणि उजव्याला मधली लागते. तोंड उघडून मिटा, जबडा हलवा, बड सैल होत असेल तर ती साइज तुमची नाही. आणि ज्या बड्सना रबरी टिपच नसते, नुसत्या कानाच्या तोंडाशी टेकतात, त्यात एएनसी लिहिलेलं असलं तरी कमी बजेटमध्ये मी घेणार नाही, फट उघडीच असते तिथे.

मग मोठा हेडफोन की बड्स? रोज दोन तीन तास एका जागी बसून काम, अभ्यास, लांबचा प्रवास असेल तर कान पूर्ण झाकणारा मोठा. घाम, व्यायाम, सारखं खिशात टाकणं असेल तर बड्स. कानावर नुसता टेकणारा, कान न झाकणारा ऑन इअर प्रकार एएनसीसाठी माझ्या तरी यादीत नाही, झाकतही नाही आणि तासाभरात कान दुखायला लागतात.

बॅटरीचा हिशोब आधीच करा

बॉक्सवर सगळ्यात मोठा छापलेला तासांचा आकडा बहुतेक वेळा एएनसी बंद ठेवून आणि मध्यम आवाजावर मोजलेला असतो. दुसरा, लहान आकडा बघायचा. सोनीच्या डब्ल्यूएच सीएच ७२० एन ला एएनसी बंद असताना ५० तास आणि चालू असताना ३५ तास दिलेत, साउंडकोर लाइफ क्यू ३० ला ६० आणि ४०, म्हणजे फरक केवढा पडतो बघा. मोठ्या हेडफोनमध्ये हे दोन्ही आकडे भरपूर आहेत, त्यामुळे ३५ आणि ४० मध्ये निवड करत डोकं शिणवायचं कारण नाही.

बड्सचा हिशोब मात्र नीट करा. लिथियम आयनची बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्ज झाले की आधीसारखी राहत नाही. रोज तीन तास वापर धरला तर ३५ तासांचा हेडफोन अकरा बारा दिवसांनी एकदा चार्ज होतो, वर्षाला तीसेक वेळा. सहा तास चालणारे बड्स दर दोन दिवसांनी पूर्ण रिकामे होतात, वर्षाला १८० वेळा, म्हणजे तीन वर्षं व्हायच्या आधीच ५०० चा आकडा गाठतात, आणि त्या इवल्याशा बॅटऱ्या सहसा बदलता येत नाहीत. पैसे जपून वापरायचे असतील तर हा मुद्दा मोठ्या हेडफोनच्या बाजूने फार मोठा आहे. चार्जिंग यूएसबी सी असावं, आणि दहा मिनिटं लावून काही तास चालेल अशी जलद चार्जिंगची सोय असली तर घाईत फार उपयोग होतो.

केबल लावून वापरता येतो का तेही विचारा. ३.५ मिलिमीटरचं भोक असलं तरी काही मॉडेल बॅटरी संपल्यावर केबलनेही चालत नाहीत, आणि काहींचा माइक केबल लावली की बंद होतो. विमानात सीटच्या स्क्रीनला जोडायचा असेल तर हे महत्त्वाचं.

ब्लूटूथ आणि कोडेक, गरजेपुरतं

ब्लूटूथ ५.० की ५.३ यावरून गाण्याचा आवाज चांगला वाईट होत नाही. नवीन असलेलं बरं, कनेक्शन आणि बॅटरी यात फायदा मिळू शकतो, पण त्यासाठी जास्त पैसे देऊ नका, आणि तुमच्या फोनमध्ये ती सोय नसेल तर हेडफोनमधली सोय नुसती पडून राहते.

कोडेक म्हणजे आवाज हवेतून पाठवण्यासाठी दाबून लहान करायची पद्धत. एसबीसी सगळ्यांत असतोच. आयफोन असेल तर एएसी आहे का बघा आणि पुढे वाचूच नका, कारण आयफोन एलडॅक आणि ॲप्टएक्स चालवत नाही. अँड्रॉइड असेल तर एलडॅक असलेला मिळाला तर घ्या, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण तो चालू केला की बॅटरी लवकर उतरते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये एलडॅक आणि दोन डिव्हाइसला एकदम जोडणं, दोन्ही एकावेळी चालत नाही. खरं सांगायचं तर धावत्या बसमध्ये बसून एसबीसी आणि एलडॅकमधला फरक ओळखू येणं अवघड आहे, कुशनची फट बुजवली तर फरक लगेच कळतो.

दोन डिव्हाइसला एकदम जोडायच्या सोयीला मल्टिपॉइंट म्हणतात आणि लॅपटॉपवर काम करणाऱ्याने हे नक्की बघावं. लॅपटॉपवर मीटिंग संपली, फोन वाजला, काही न करता तिकडे गेलं, ही सोय एकदा अंगवळणी पडली की सोडवत नाही. ड्रायव्हर, म्हणजे आतला स्पीकर, ४० मिलिमीटरचा आहे की ३० चा, हाय रेझचा स्टिकर आहे की नाही, हे मी बघत नाही. हाय रेझवाले ४०,००० हर्ट्झपर्यंतची गोष्ट करतात, माणसाला २०,००० च्या वर ऐकू येत नाही, आणि वय वाढतं तशी ती हद्द अजून खाली येते.

गेम खेळणाऱ्यांसाठी मात्र एक इशारा. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, व्हिडिओची ॲप चित्र तेवढंच मागे ठेवून जुळवून घेतात म्हणून कळत नाही, गेममध्ये तसं करता येत नाही, गोळी सुटते आणि आवाज नंतर येतो. गेम किंवा लो लेटन्सी मोड असलेलं बघा, किंवा गेमपुरती केबल लावा.

कॉलचा आवाज अचानक खराब का होतो

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. लॅपटॉपवर गाणं छान वाजतंय, मीटिंग सुरू झाली आणि सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू यायला लागलं, लोकांना वाटतं हेडफोन बिघडला. होतं असं की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये चांगला स्टिरिओ आवाज आणि हेडफोनचा माइक एकदम चालत नाहीत, माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि आवाज मोनो आणि कमी दर्जाचा होतो. महागड्या हेडफोनलाही हे होतं. उपाय सोपा आहे, मीटिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा आणि स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा. ऐकू येणं लगेच सुधारतं, आणि खोली शांत असेल तर समोरच्यालाही तुमचा आवाज बऱ्याचदा जास्त स्वच्छ जातो.

ज्याचं कामच दिवसभर कॉलवर बोलायचं आहे त्याने मात्र वापरणाऱ्यांनी टाकलेली माइकची रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय काही घेऊ नये. या किमतीत माइक ही बहुतेकांची कच्ची बाजू असते, वाऱ्यात तर फारच.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस

परत करायची मुदत किती दिवस आहे ते घ्यायच्या आधीच बघा आणि त्या दिवसांत हेडफोन मुद्दाम छळून घ्या. मी असं करते. पहिल्यांदा रात्री अगदी शांत खोलीत एएनसी चालू करायचं, गाणं न लावता. थोडी सुईसुई ऐकू येते, स्वस्त माइकमुळे ती येतेच, पण गाणं हळू आवाजात लावल्यावरही तीच ऐकू येत असेल तर मी परत करते. मग पंख्याजवळ चालू बंद करून बघायचं, फरक ताबडतोब कळायला हवा, नीट लक्ष देऊन शोधायला लागत असेल तर काहीतरी चुकतंय, बसणं नाहीतर हेडफोन. मग बाहेर वाऱ्यात चालून यायचं, बाहेरच्या माइकवर वारा घासला की कानात फडफड होते, काही मॉडेलमध्ये वाऱ्यासाठी वेगळा मोड असतो तो ॲपमध्ये शोधायचा.

काहींना एएनसी चालू केलं की कानात दडे बसल्यासारखं, लिफ्टमध्ये वाटतं तसं वाटतं. खरा दाब वाढलेला नसतो, खालचे आवाज एकदम गेल्यामुळे तसं वाटतं, आणि बऱ्याच जणांना दोन चार दिवसांत सवय होते. ॲपमध्ये एएनसी कमी जास्त करता येत असेल तर कमी करून बघा. तरीही डोकं जड होत असेल, मळमळत असेल तर ओढून ताणून सवय लावू नका, परत करा आणि नुसतं घट्ट झाकणारं घ्या.

वजन आणि पकड तपासायला दोन तास सलग घालावं लागतं, दुकानात दोन मिनिटं घालून काही कळत नाही. २५० ग्रॅमच्या आसपास असेल तर बहुतेकांना जड वाटत नाही, वर उल्लेख केलेला सीएच ७२० एन तर १९२ ग्रॅमचाच आहे. कपाच्या आत कानाची पाळी स्पीकरच्या जाळीला टेकते का बघा, टेकत असेल तर तासाभराने तिथेच दुखणार. आणि मान खाली घालून, थोडं वाकून बघा, घसरायला नको. याच दिवसांत एक कॉल पंख्याजवळून आणि एक रस्त्यावरून करा, समोरच्याला खरं सांगायला सांगा.

ॲपसाठी अकाउंट काढणं बंधनकारक आहे का, लोकेशन कशाला मागतंय, तेही याच वेळी पाहून घ्या. इक्वलायझर, म्हणजे बेस आणि वरचे सूर वेगवेगळे कमी जास्त करायची सोय, असेल तर खूप फायदा होतो, कारण या किमतीतले बरेचसे हेडफोन बेस फार वाढवून देतात, तो थोडा खाली आणला की गायकाचा आवाज मोकळा होतो आणि वेगळाच हेडफोन घातल्यासारखं वाटतं.

मागच्या पिढीचा वरचा मॉडेल की नवा स्वस्त

नवा मॉडेल आला की त्याच कंपनीचा आधीचा वरच्या दर्जाचा मॉडेल किमतीत उतरतो, आणि एएनसीच्या बाबतीत तो बऱ्याचदा आजच्या नव्या स्वस्तापेक्षा सरस असतो. सीलबंद मिळत असेल तर जरूर विचार करा. वापरलेला किंवा रिफर्बिश्ड असेल तर बॅटरी किती चालते ते स्वतः तपासायची मुदत हवी, आणि कुशन नवीन घालून दिलंय का विचारा. फार प्रसिद्ध मॉडेल फार कमी किमतीत दिसला तर तो नकली असण्याची शक्यता धरा, कंपनीच्या अधिकृत ॲपला तो जोडला जातो का आणि सिरियल नंबर ओळखला जातो का ते पहिल्याच दिवशी बघा.

कुशनचं म्हणाल तर कृत्रिम चामड्याचं कुशन घामाने आणि दमटपणाने एक दोन वर्षांत सोलायला लागतं, आणि सोललं की फट पडते, फट पडली की एएनसी उतरतं. त्यामुळे घेतानाच शोधून ठेवा की या मॉडेलची सुटी कुशन मिळतात का आणि ती ओढून काढता येतात का. ज्याची मिळतात तो हेडफोन दुप्पट टिकतो, हे मी माझ्याच वापरावरून सांगतेय. वापर झाला की कोरड्या फडक्याने पुसायचं, बड्सची जाळी मऊ ब्रशने साफ करायची, माइकच्या भोकात मळ बसला तरी एएनसी बिघडतं. पावसाघामासाठी आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील एवढंच, त्यातला एक्स म्हणजे धुळीची चाचणीच केलेली नाही. मोठ्या हेडफोनना बहुतेक वेळा हेही नसतं, ते पावसात नेऊ नका.

आवाज किती ठेवायचा याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत, आणि लहान मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबल वाढले की तास निम्मे होतात, म्हणजे ८३ ला २० तास. एएनसीचा मला सगळ्यात मोठा फायदा इथेच वाटतो, मागची घरघर गेली की गाणं तिच्या वर चढवायला लागत नाही. आता चांगला हेडफोन घेतल्यावर एकदा प्रवासात मुद्दाम बघा, आधी आवाजाची पट्टी कुठे ठेवत होतात आणि आता कुठे पुरतेय, आणि फोनमध्ये आवाजाची मर्यादा घालायची सोय असेल तर ती तिथेच लावून टाका. रस्ता ओलांडताना, सायकलवर एएनसी बंद, बाहेरचा आवाज मुद्दाम आत सोडणारा ट्रान्सपरन्सी मोड चालू, किंवा सरळ गळ्यात काढून ठेवा, हॉर्न ऐकू यायला हवा.

आणि मुदत संपेपर्यंत बॉक्स, आतला पुठ्ठा, न वापरलेल्या टिपा, बिल, काहीही फेकू नका, परत करताना पुठ्ठ्यासाठी अडून बसतात.